कोरिया ते नेफा : लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांची शिपाईगिरी

विशेष प्रतिनिधी, नौपाडा (ठाणे)

चीनबरोबरच्या १९६२ च्या युद्धाचा विषय निघाला की मराठी माणसाला दोन नावे हमखास आठवतात. एक कृष्ण मेनन यांचे आणि दुसरे त्यांच्या जागी संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेलेल्या यशवंतराव चव्हाणांचे. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला, हे वाक्य तर पाठ्यपुस्तकांपासून निवडणुकीच्या सभांपर्यंत इतके वापरले गेले की त्यातील धार बोथट झाली. मात्र हिमालयावरील संकटाची सूचना सह्याद्रीच्याच एका सुपुत्राने त्याआधी तीन वर्षे लेखी स्वरूपात दिल्लीला दिली होती, ही बाब तितकीशी परिचित नाही. जानेवारीच्या व्याख्यानमालांतून संरक्षणविषयक भाषणे मन लावून ऐकणाऱ्या नौपाड्यासारख्या वस्तीतही लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात हे नाव घेतले, तर जुन्या पिढीतील मोजकेच लोक ओळख दाखवतील.

थोरात हे केवळ रणांगणावरील अधिकारी नव्हते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी पलटण लढवली, कोरियात परस्परविरोधी महासत्तांच्या कैद्यांची राखण केली आणि लखनौला पूर्व विभागाचे प्रमुख असताना ईशान्य सीमेच्या संरक्षणाचा असा अभ्यास सिद्ध केला की पुढे पराभवाची कारणे शोधणाऱ्या प्रत्येकाला त्याच्यापाशी थांबावे लागले. युद्ध, मुत्सद्देगिरी आणि सामरिक अभ्यास या तिन्ही क्षेत्रांत वावरलेल्या या मराठी सेनानीच्या कारकिर्दीचा हा परिचय.

वडगाव ते सँडहर्स्ट

थोरात यांचा जन्म १२ ऑगस्ट १९०६ रोजी तत्कालीन कोल्हापूर संस्थानातील वडगावचा. त्या काळी हिंदी तरुणांना सैन्यात अधिकारी व्हायचे तर इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या रॉयल मिलिटरी कॉलेजखेरीज दुसरा मार्ग नव्हता. डेहराडूनची भारतीय लष्करी प्रबोधिनी निघाली १९३२ मध्ये. सँडहर्स्टला हिंदी तरुणांसाठी अत्यंत मोजक्या जागा असत आणि तेथून बाहेर पडणारा अधिकारी ब्रिटिश सहकाऱ्यांच्या बरोबरीने राजाचे कमिशन मिळवत असे. थोरात १९२६ मध्ये तेथून उत्तीर्ण झाले. कूर्गचे के. एस. थिमय्या आणि पुढे सरसेनापती झालेले प्राणनाथ थापर हे त्यांचे समकालीन, किंचित ज्येष्ठ. या तिघांची नावे या लेखात पुन्हा पुन्हा येणार आहेत.

थोरात दाखल झाले १४ व्या पंजाब रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीत. या पलटणीचा इतिहास मोठा विलक्षण आहे. आझाद हिंद सेनेची पहिली उभारणी करणारे मोहनसिंग याच पलटणीचे, लाल किल्ल्यातील खटल्यातील एक आरोपी शाहनवाज खान हेही याच पलटणीचे आणि पुढे पाकिस्तानचे लष्करशहा झालेले अयूब खानही इथलेच. एका मेसमध्ये जेवलेल्या अधिकाऱ्यांच्या वाटा पुढे किती दिशांना गेल्या, हे पाहिले की फाळणीपूर्व हिंदी सैन्याचे अंतरंग थोडेफार कळते.

महायुद्धात थोरातांच्या वाट्याला ब्रह्मदेशाची आघाडी आली. जानेवारी १९४५ च्या अखेरीस अराकानच्या किनारपट्टीवर कांगॉ येथे जपान्यांच्या माघारीचा रस्ता तोडण्यासाठी घनघोर लढाई झाली. तेथे लढलेल्या ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते. थिमय्या, एल. पी. सेन आणि थोरात हे ते तिघे. थोरातांच्या दुसऱ्या पंजाब रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीने ‘मेलरोझ’ असे सांकेतिक नाव दिलेली टेकडी संगिनींच्या हातघाईनंतर काबीज केली. तिघांनाही ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर’ हा सन्मान मिळाला. हिंदी अधिकाऱ्यांना मोठ्या तुकड्यांचे नेतृत्व झेपेल काय, अशी शंका घेणाऱ्या ब्रिटिश वरिष्ठांना कांगॉत परस्पर उत्तर मिळाले.

एक योगायोग येथेच नोंदवायला हवा. पुढे स्वतंत्र भारताच्या पूर्व विभागाचे प्रमुखपद थिमय्या, थोरात आणि सेन यांनी याच क्रमाने, एकापाठोपाठ एक भूषविले. चीनच्या आक्रमणाच्या वेळी त्या खुर्चीत सेन होते.

कैद्यांच्या छावणीतील मुत्सद्देगिरी

कोरियातील युद्ध २७ जुलै १९५३ रोजी थांबले. तहाची बोलणी दीर्घकाळ अडली होती ती प्रामुख्याने युद्धकैद्यांच्या प्रश्नावर. संयुक्त राष्ट्रांच्या सैन्याने पकडलेल्या हजारो चिनी आणि उत्तर कोरियन सैनिकांना मायदेशी परतायचे नव्हते. कैद्यांना त्यांच्या इच्छेविरुद्ध परत पाठवू नये, असा अमेरिकेचा आग्रह. तर ते खरोखर स्वतःच्या इच्छेने बोलत नसून छावणीतील दहशतीमुळे तसे म्हणत आहेत, असा चीनचा दावा. या तिढ्यातून वाट काढताना भारताने पुढाकार घेतला आणि त्या पुढाकाराची किंमत म्हणून सर्वांत अवघड कामही भारताच्याच गळ्यात पडले.

तटस्थ राष्ट्रांचा एक आयोग नेमण्यात आला. स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड आणि झेकोस्लोव्हाकिया हे त्याचे सदस्य, तर अध्यक्षपद भारताकडे. अध्यक्ष म्हणून जनरल थिमय्या यांची निवड झाली. प्रत्यक्ष कैद्यांचा ताबा घेण्यासाठी भारतीय सैनिकांचे ‘कस्टोडियन फोर्स’ स्थापन झाले आणि त्याचे नेतृत्व मेजर जनरल थोरात यांच्याकडे आले. सुमारे सहा हजार सैनिकांचे हे दल. त्यांनी सांभाळायचे होते उत्तरेकडील बाजूचे २२ हजार ६०४ कैदी, म्हणजे १४ हजार ७०४ चिनी आणि ७ हजार ९०० कोरियन. शिवाय दुसऱ्या बाजूचे ३५९ कैदी होतेच. त्यांत मायदेशी जाण्यास नकार देणारे २३ अमेरिकन आणि एक ब्रिटिशही होता.

अडचणींची सुरुवात कोरियाच्या किनाऱ्यावरच झाली. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांचा भारताच्या मध्यस्थीला कडवा विरोध होता. भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल टाकू देणार नाही, अशी त्यांनी भूमिका घेतली. त्यामुळे इंचॉन बंदरापाशी आलेल्या जहाजांवरून आपले जवान अमेरिकी हेलिकॉप्टरांतून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. यजमानाने उंबरठाच ओलांडू दिला नाही म्हणून पाहुणा छपरावरून आत आला, असाच हा प्रकार. पट्ट्यात उभारलेल्या छावणीला नाव दिले गेले ‘हिंदनगर’.

सप्टेंबरच्या १० तारखेपासून कैद्यांचा ताबा मिळू लागला. कैदी म्हटले की डोळ्यांपुढे थकलेला, खचलेला माणूस येतो. हिंदनगरातील कैदी तसे नव्हते. छावणीच्या प्रत्येक कुंपणात त्यांच्या कडव्या संघटना होत्या, पुढारी होते, गुप्त निरोप्यांची साखळी होती. मायदेशी परतण्याचा विचार बोलून दाखवणाऱ्याचा जीव तेथे सुरक्षित नव्हता. चिनी कम्युनिस्टविरोधी कैद्यांना भारतीय पहारेकरी पेकिंगचे हस्तक वाटत आणि पेकिंगला तेच पहारेकरी अमेरिकेच्या कलाने वागतात असे वाटे. थोरातांनी शस्त्रांचा वापर शेवटचा उपाय म्हणूनच करायचा, असा दंडक घालून दिला होता. सहा हजारांनी तेवीस हजारांवर ताबा ठेवायचा, तोही गोळी न झाडता, हे गणित कागदावरसुद्धा सुटत नाही.

ताबा पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २५ सप्टेंबरला, कसोटीचा क्षण आला. चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला कुंपणाच्या आत ओढून नेले आणि ओलीस धरले. हल्ला करून सोडवावे तर ग्रेवाल जिवंत हाती लागण्याची शक्यता कमी आणि शेकडो कैदी मरण्याची शक्यता जास्त. तसे झाले असते तर आयोग तेथेच मोडला असता आणि युद्धविरामही धोक्यात आला असता. थोरात मोजक्या सहकाऱ्यांना घेऊन स्वतः त्या कुंपणात शिरले. हजारो संतप्त कैद्यांच्या गराड्यात त्यांनी त्यांच्या पुढाऱ्यांशी बोलणे आरंभले, आवाज चढू दिला नाही, आपणही घाबरलेले दिसू दिले नाही आणि ग्रेवाल यांना सोबत घेऊनच ते बाहेर आले. एकही गोळी सुटली नाही. या धैर्याबद्दल त्यांना अशोकचक्र वर्ग दोन हा सन्मान मिळाला. आज तोच सन्मान कीर्तिचक्र या नावाने ओळखला जातो.

प्रत्येक वेळी मात्र असे निभावले नाही. ऑक्टोबरच्या आरंभी कैद्यांनी कुंपणे तोडण्याचा प्रयत्न केला तेव्हा गोळीबार करावा लागला आणि काही कैदी ठार झाले. त्यावरून दोन्ही बाजूंनी भारताला बोल लावले. थोरातांच्या कामगिरीचा हिशेब मांडताना हा भागही नजरेआड करता येत नाही.

करारानुसार मायदेशाच्या प्रतिनिधींनी प्रत्येक कैद्याला नव्वद दिवसांच्या मुदतीत आपली बाजू समजावून सांगायची होती. तंबूत एका बाजूला चिनी अधिकारी, समोर कैदी आणि आयोगाचे निरीक्षक, अशी ती रचना. कैदी तंबूकडे यायलाच नकार देत. जबरदस्तीने आणावे, असे पोलंड आणि झेकोस्लोव्हाकियाचे म्हणणे; जबरदस्ती म्हणजे रक्तपात, असे स्वीडन आणि स्वित्झर्लंडचे. मधल्या खुर्चीत थिमय्या आणि तंबूच्या बाहेर संगीन घेतलेले थोरातांचे जवान. परिणामी नव्वदपैकी जेमतेम दहा दिवस हे काम चालले आणि २३ डिसेंबरला मुदत संपली. अखेर २० जानेवारी १९५४ पासून उरलेले कैदी ज्या बाजूने सोपवले होते त्याच बाजूकडे परत देण्यात आले. ८८ जणांनी मात्र ना हा गट पत्करला ना तो. ते भारतीय सैनिकांबरोबर जहाजात बसून भारतात आले. त्यांपैकी बरेच पुढे ब्राझील, अर्जेंटिनासारख्या देशांत गेले, काही येथेच स्थिरावले.

भारताला या साऱ्यातून काय मिळाले? वॉशिंग्टन नाराज, पेकिंग नाराज, सोल तर पहिल्यापासूनच नाराज. तरीही युद्धविराम टिकला आणि तो आजही टिकून आहे. पुढे गाझा, काँगो अशा ठिकाणी शांतिसेनेसाठी भारताकडे वारंवार विचारणा झाली, तिच्या मागे कोरियातील या कामगिरीची पुण्याई होती. थोरात यांना १९५४ मध्ये पद्मश्री किताब देण्यात आला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, साम्यवादी चीनच्या प्रतिनिधींशी आणि त्यांच्या कार्यपद्धतीशी इतका निकटचा आणि इतका कटू संबंध आलेले वरिष्ठ भारतीय सेनाधिकारी त्या काळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. लखनौला गेल्यावर थोरातांनी चीनकडे ज्या नजरेने पाहिले, तिचे मूळ हिंदनगरच्या अनुभवात शोधायला हरकत नाही.

‘लाल किला’

थिमय्या मे १९५७ मध्ये सरसेनापती झाले आणि पूर्व विभागाची सूत्रे थोरातांकडे आली. मुख्यालय तेव्हा लखनौला होते. ते कोलकात्याला हलले १९६२ च्या युद्धानंतर. या विभागाच्या कक्षेत नागा टापूतील बंडाळी होती, पूर्व पाकिस्तानची सरहद्द होती आणि नेफा म्हणजे आजचा अरुणाचल प्रदेशही होता. नेफाची सीमा मात्र त्या वेळी सैन्याकडे नव्हती. ती सांभाळत होते आसाम रायफल्सचे जवान आणि त्यांच्यावर हुकमत होती परराष्ट्र खात्याची. चीन हा मित्र, मित्राच्या सीमेवर सैन्य कशाला, असा त्या काळचा हिशेब.

तो हिशेब २५ ऑगस्ट १९५९ रोजी चुकला. लोंगजू येथील आसाम रायफल्सच्या ठाण्यावर चिन्यांनी हल्ला केला. यानंतर नेफाच्या सीमेची जबाबदारी सैन्याकडे सोपवण्यात आली. जबाबदारी आली, पण तिला लागणारे बळ आले नाही. थोरातांनी उपलब्ध सैन्य, रस्ते, रसद आणि चीनची संभाव्य चाल यांचा अभ्यास करून ८ ऑक्टोबर १९५९ रोजी लष्करी मुख्यालयाला एक टिपण पाठवले. त्यानंतर दोनच आठवड्यांत, २१ ऑक्टोबरला, लडाखमधील कोंगका खिंडीत चिनी सैनिकांच्या गोळीबारात भारतीय पोलिस धारातीर्थी पडले.

टिपणाचा गाभा समजून घेण्यासाठी नकाशा डोळ्यांपुढे आणावा लागेल. तिबेटचे पठार उंचावर आणि सपाट. तेथे चीनने सीमेच्या अगदी जवळपर्यंत रस्ते आणले होते. आपल्या बाजूला आसामच्या मैदानापासून थेट सीमेपर्यंत एकामागून एक चढणाऱ्या डोंगररांगा. मिसामारीच्या रेल्वेस्थानकापासून तवांगपर्यंतची वाट सुमारे तीनशे किलोमीटरची आणि वाटेत सेलाची तेरा हजार फुटांहून उंच खिंड. थेट मॅकमोहन रेषेवर लढायचे म्हटले तर चिनी सैनिक आपल्या गोदामाच्या दारात लढणार आणि आपला जवान घरापासून कित्येक दिवसांच्या पायपिटीवर, खेचरांनी आणि विमानांनी टाकलेल्या शिध्यावर. थोरातांचे म्हणणे होते की हे गणित उलटे करावे. सीमेवर लहान ठाणी असावीत, पण ती लढण्यासाठी नव्हे, इशारा देण्यासाठी. शत्रू पुढे सरकला की तवांगसारख्या मधल्या ठिकाणी त्याला झुंजवत, थकवत वेळ काढावा. मुख्य सामना मात्र बोमडिला, झिरो, दापोरिजो, अलाँग, तेजू अशा ठिकाणांना जोडणाऱ्या रेषेवर द्यावा. तोवर चिन्यांची रसदवाट लांबलेली असेल, मागे बर्फाने बंद होणाऱ्या खिंडी असतील आणि आपण आपल्या रेल्वेच्या जवळ असू.

अर्थात यासाठी अधिक सैन्य हवे होते, रस्ते हवे होते, डोंगरी तोफा हव्या होत्या. थिमय्या यांनी या टिपणाला पाठिंबा दिला आणि ते संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यापुढे ठेवले. मेनन यांना ते पटले नाही. सेनापती अकारण घाबरले आहेत आणि घबराट पसरवत आहेत, असा त्यांचा रोख होता. चीनशी युद्ध होणार नाही आणि मतभेद उद्भवलेच तर ते राजनैतिक पातळीवर निस्तरण्यास आपण समर्थ आहोत, अशी मेनन यांची खात्री होती. त्याआधीच, ३१ ऑगस्ट १९५९ रोजी, थिमय्या यांनी मेनन यांच्याशी झालेल्या मतभेदांतून राजीनामा दिला होता आणि नेहरूंच्या शब्दाखातर तो मागे घेतला होता. संरक्षणमंत्री आणि सरसेनापती यांच्यात संवाद उरला नसताना मधल्या सेनापतीच्या टिपणाचे काय होणार, हे सांगायला नको.

थोरात गप्प बसले नाहीत. १७ मार्च १९६० रोजी त्यांनी लखनौला ‘लाल किला’ या नावाने एक सराव घेतला. हा मैदानी सराव नव्हता. वरिष्ठ अधिकाऱ्यांना एकत्र बसवून, नकाशावर चिनी आक्रमणाची कल्पना करून, कोणत्या दिवशी शत्रू कुठवर पोचेल आणि आपल्याजवळ त्याला अडवायला काय असेल, याची ही तालीम होती. सध्याच्या बळावर नेफा राखता येणार नाही, हाच तिचा निष्कर्ष निघाला. पुढच्याच महिन्यात चीनचे पंतप्रधान चाऊ एन लाय वाटाघाटींसाठी दिल्लीला आले आणि त्या वाटाघाटी निष्फळ ठरल्या. ‘लाल किला’चा अहवाल फायलींतच राहिला.

थिमय्या यांची मुदत मे १९६१ मध्ये संपत होती. आपल्यामागून थोरात यांनी सरसेनापती व्हावे अशी त्यांची इच्छा होती. निवड झाली थापर यांची. थापर हे सेवाज्येष्ठ होते, त्यामुळे या निवडीला अन्याय म्हणणे काटेकोरपणे बरोबर नाही. पण सेवाज्येष्ठतेचा नियम इतर नेमणुकांत किती पाळला गेला, हा प्रश्न त्याच वर्षी मुख्यालयात बी. एम. कौल यांना मिळालेल्या महत्त्वामुळे विचारला गेलाच. थोरात निवृत्त होऊन कोल्हापूरला परतले.

टिपणाच्या उलट

नोव्हेंबर १९६१ मध्ये सरकारने पुढे सरकून ठाणी उभारण्याचे धोरण स्वीकारले. ते थोरातांच्या कल्पनेच्या नेमके उलट होते. जून १९६२ मध्ये नामका चू नदीजवळ ढोला ठाणे उभे राहिले. ८ सप्टेंबरला चिनी तुकड्या त्याच्यासमोर उतरल्या. ब्रिगेडियर जॉन दळवी यांच्या सातव्या ब्रिगेडला उन्हाळी कपड्यांत, मोजक्या दारूगोळ्यासह, तोफखान्याच्या आधाराविना त्या दरीच्या तळाशी नेऊन ठेवण्यात आले. २० ऑक्टोबरच्या पहाटे चिन्यांनी हल्ला चढवला आणि काही तासांत ब्रिगेड मोडली. दळवी कैद झाले. तवांग पडले. सेला आणि पाठोपाठ बोमडिला १८ आणि १९ नोव्हेंबरला गेले. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी केली.

ही पडझड चालू असतानाच पंतप्रधान नेहरूंनी थोरातांना दिल्लीला बोलावून घेतले. त्या भेटीची हकिकत थोरातांनी आत्मचरित्रात सांगितली आहे. त्यांनी १९५९ चे टिपण नेहरूंपुढे ठेवले. ते वाचून, हे आपल्याला आधी का दाखवले गेले नाही, असे पंतप्रधानांनी विचारले. त्याचे उत्तर मेनन यांनाच विचारावे, अशा आशयाचे थोरातांचे उत्तर होते. देशाच्या सीमेचा प्रश्न असलेला कागद पंतप्रधानांपर्यंत तीन वर्षे पोचला नाही, ही गोष्ट टिपणातील डावपेचांइतकीच गंभीर आहे. त्या भेटीचे वर्णन एकट्या थोरातांच्या लेखणीतून आलेले आहे, हे लक्षात घेऊनही ती गंभीरता कमी होत नाही. नेहरू अनेक महत्त्वाचे कागद स्वतः बारकाईने वाचणारे पंतप्रधान होते.

थोरात यांना त्यानंतर राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर घेण्यात आले. निवृत्त सरसेनापती राजेंद्रसिंहजी आणि थिमय्या हेही तेथे होते. सल्ला घेण्याची ही तत्परता तीन वर्षे उशिराची.

थोरातांची योजना अमलात आली असती तर निकाल बदलला असता काय? यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. बोमडिलाच्या रेषेवर सामना द्यायचा म्हणजे तवांगचा मठ आणि भोवतालचा मुलूख काही काळ तरी शत्रूच्या हाती जाऊ देणे. लोंगजू आणि कोंगकानंतर संसद आणि वृत्तपत्रे इतकी तापली होती की एक इंचही भूमी सोडणार नाही, अशी भाषा रोजची झाली होती. त्या वातावरणात कोणताही पंतप्रधान मुलूख सोडण्याची योजना उघडपणे मान्य करू शकला असता, असे वाटत नाही. शिवाय थोरातांनी मागितलेले सैन्य पाकिस्तानच्या सीमेवरून काढावे लागले असते. हे आक्षेप खरे आहेत. पण योजना नाकारणे वेगळे आणि तिच्यातील मूळ निदान, म्हणजे सध्याच्या बळावर सीमा राखता येत नाही हे विधान, नाकारणे वेगळे. मेनन यांनी दोन्ही नाकारले आणि त्यानंतर त्याच अपुऱ्या बळावर पुढे सरकण्याचे धोरण आखले गेले. राजकीय अडचण असल्यास ती मांडून पर्याय मागवता आला असता. तसे झाले नाही.

या पराभवाची लष्करी चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर पी. एस. भगत यांनी केली व १९६३ मध्ये अहवाल दिला. तो सरकारने अद्याप अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी मार्च २०१४ मध्ये त्याचा काही भाग इंटरनेटवर उघड केला, तेव्हा दिल्लीत पुन्हा तीच जुनी वादळे उठली. ‘लाल किला’ची हकिकत जाणून घ्यायची तर सामान्य वाचकाला अजूनही मुख्यतः थोरातांच्या आणि त्यांच्या समकालीनांच्या आठवणींवरच विसंबावे लागते.

कोल्हापूरची वर्षे

निवृत्तीनंतर थोरात महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. नवजात राज्याच्या प्रशासनात कोण माणसे यावीत हे ठरवणाऱ्या या पदावर एक माजी सेनापती बसला, याचे त्या काळी अनेकांना अप्रूप वाटले असणार. त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र ‘फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट’ १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठीत ‘माझी शिपाईगिरी’ या नावाने त्यांच्या आठवणी उपलब्ध आहेत आणि इंग्रजीपेक्षा हे नावच त्यांना अधिक शोभते. शिपाईगिरी या शब्दात पेशाचा अभिमान आहे, पण हुद्द्याचा तोरा नाही. १० ऑगस्ट १९९२ रोजी, वयाची ८६ वर्षे पूर्ण होण्यास दोन दिवस असताना, त्यांचे निधन झाले. ‘नाबार्ड’चे माजी अध्यक्ष डॉ. यशवंत थोरात हे त्यांचे पुत्र.

त्याच १९९२ साली पुण्यात ‘सेंटर फॉर ॲडव्हान्स्ड स्ट्रॅटेजिक स्टडीज’ ही संस्था स्थापन झाली. निवृत्त सेनाधिकारी, प्राध्यापक आणि सनदी अधिकारी यांनी एकत्र बसून देशाच्या सुरक्षेचा अभ्यास करावा, हा तिचा हेतू. पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिक अभ्यासाचा स्वतंत्र विभाग आहे, तेथे पदव्युत्तर शिक्षण घेता येते. थोरात लखनौच्या कार्यालयात नकाशे पसरून जे करत होते, त्याला आता अभ्यासक्रम आहे, परीक्षा आहे.

कोरियातील वारसाही पुढे चालू राहिला. मुंबईत जन्मलेले आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीत घडलेले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार यांनी मार्च १९९२ पासून वर्षभर फुटत्या युगोस्लाव्हियातील संयुक्त राष्ट्रांच्या सेनेचे नेतृत्व केले. मुदतवाढ न घेता ते परतले, दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनचे संचालक झाले आणि श्रीलंकेच्या शांतता प्रक्रियेत जाफनातील अतिसुरक्षा क्षेत्रांविषयी त्यांचा सल्ला २००३ मध्ये घेण्यात आला. परस्परांवर विश्वास नसलेल्या दोन सशस्त्र बाजूंच्या मध्ये उभे राहण्याचे काम तेच होते. फक्त हिंदनगरच्या जागी साराजेव्हो आले.

तवांगला जाणारा आजचा प्रवासी बोमडिलावरूनच जातो. सेलाखालून खोदलेला बोगदा मार्च २०२४ मध्ये खुला झाला, त्यामुळे हिवाळ्यात बंद पडणारी वाट आता बाराही महिने चालू राहू शकते. थोरातांनी १९५९ मध्ये सैन्याबरोबर जे रस्ते मागितले होते, त्यांतला हा एक.